अडीअडचणीसाठी हँडगन: भरवसा नेमका कशावर ठेवायचा?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणकळा

परवाना आणि प्राथमिक प्रशिक्षण हे दोन्ही टप्पे झालेत असं धरून चाला. प्रश्न त्यापुढचा आहे. पूर, वादळ, आठवडाभर वीज गेलेली, रस्ते बंद, मदत पोचायला उशीर, अशा काळासाठी घरात एकच हँडगन ठेवायची तर कोणती ठेवावी?

महिनोन्‌महिने पडून राहिली तरी ऐन वेळी चालली पाहिजे. घरातल्या दोन मोठ्या माणसांना वापरता आली पाहिजे, आणि दोघांच्या हातांच्या मापात बराच फरक आहे. मॅगझिन (काडतुसं भरायची, काढता येणारी डबी), स्प्रिंगा असले भाग सहज मिळायला हवेत. घरात लहान मूल आहे. सध्या यादीत ग्लॉक १९ आणि सीझेड ७५ ही पिस्तुलं आणि रुगर जीपी१०० हे रिव्हॉल्व्हर आहे. "रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही" हे सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती?

घासपट्टी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रिव्हॉल्व्हरही अडकतं. पिस्तुलापेक्षा कमी वेळा अडकतं, पण अडकलं की बहुतेकदा जागच्या जागी सुटत नाही, अवजारं घेऊन बसावं लागतं.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे घाण. सिलिंडरमधून (काडतुसं बसतात तो फिरता भाग) पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) बाहेर ढकलणारा जो चांदणीसारखा भाग असतो, त्याच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण गेले तरी तो पूर्ण बसत नाही. मग सिलिंडर मागच्या बाजूला घासतो आणि ट्रिगर एकदम जड होतो. पुंगळ्या काढताना नळी वर धरून इजेक्टर रॉड (पुंगळ्या ढकलणारी दांडी) एकदाच जोरात दाबली तर हा कचरा आत न जाता खाली पडतो. साफ करायला जुना दातांचा ब्रश पुरतो.

दुसरं, इजेक्टर रॉड आट्यांवर सैल होते, हळूहळू बाहेर येते आणि सिलिंडर उघडेनासा होतो. तिसरं, काडतुसाचा प्रायमर (मार बसला की पेटणारी बुडाची टोपी) पूर्ण आत बसलेला नसेल तर तो मागच्या पत्र्याला अडतो आणि सिलिंडर फिरत नाही. चौथं, वजनाला हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरकस काडतुसं घातली तर धक्क्याने शेजारच्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते, आणि तिथेच सगळं थांबतं.

आता जमेची बाजू. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं. मॅगझिन नाही, त्यामुळे मॅगझिनचे आजारही नाहीत. काडतूस कमी जोराचं असलं किंवा मूठ ढिली असली तरी यंत्रणेला फरक पडत नाही, कारण सिलिंडर तुमच्या बोटाच्या जोरावर फिरतो. पडून राहण्याच्या बाबतीत रिव्हॉल्व्हर सरस आहे.

तिरकी रेघ

यांत्रिक हिशेब बरोबर आहे, पण माणसाचा हिशेब राहिला. जीपी१०० चा डबल ॲक्शन ट्रिगर (घोडा उचलणं आणि सोडणं एकाच ओढ्यात) साधारण साडेचार ते साडेपाच किलो जोर मागतो, ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. लहान किंवा अशक्त हाताला तो जड ओढा पूर्ण करताना नळी हलते, नेम जातो. चार इंची नळीचं जीपी१०० साधारण १.१ किलो भरतं. त्या वजनामुळे धक्का कमी लागतो, पण हात लांब करून धरणं सगळ्यांना जमेल असं नाही.

"मग छोटं पाच गोळ्यांचं घ्या" असा सल्ला इथे कुणी देण्याआधीच सांगतो, देऊ नका. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं, दोन इंचांपेक्षाही आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर चालवायला सगळ्यात अवघड. धक्का बोचरा, साइट (नेम धरायच्या खुणा) नावापुरत्या, ट्रिगर जड. मुरलेल्या माणसाने खिशात ठेवायची ती वस्तू आहे. घरच्या एकमेव हँडगनसाठी ती चुकीची निवड.

सीझेड ७५ सुरेख पिस्तूल आहे, हातात बसतं तसं फार थोडी बसतात. अडचणी दोन. पहिला ओढा लांब आणि जड, पुढचे आखूड आणि हलके, त्यामुळे दोन वेगळे ट्रिगर शिकावे लागतात. आणि मूळ धाटणीच्या पिस्तुलात डीकॉकर, म्हणजे हॅमर (मार देणारा मागचा घोडा) सुरक्षितपणे खाली आणणारी कळ, नाही. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) असताना हॅमर खाली आणायचा तर अंगठ्याने धरून हळूच सोडावा लागतो. अंगठा घसरला की गोळी सुटते. घ्यायचंच असेल तर डीकॉकर असलेला 'बीडी' प्रकार बघा. शिवाय या पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) आतून धावते, म्हणून धरायला कमी जागा मिळते. ओल्या हातांनी ओढून बघा म्हणजे कळेल.

मोजपट्टी

दोन माणसं, दोन मापं, हा या धाग्यातला खरा प्रश्न आहे आणि तो मॉडेलच्या नावाने सुटत नाही.

माप असं बघा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तितका वर दाबून धरा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत असायला हवा. या पकडीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर आला तर माप बरोबर. बोटाचं टोकच पोचत असेल किंवा पोचण्यासाठी पिस्तूल तळव्यात फिरवावं लागत असेल तर मूठ मोठी आहे. निवड लहान हातावरून करा. मोठा हात लहान मुठीशी जुळवून घेतो, उलट होत नाही. अलीकडच्या बऱ्याच पिस्तुलांत मुठीची पाठ बदलता येते, पण ती बदलून दोघांनी आळीपाळीने वापरायचं हे ऐन वेळी होणार नाही. एकच पाठ लावा आणि कायम ठेवा.

स्लाइड ओढता येत नाही ही तक्रार निम्म्या वेळा ताकदीची नसून पद्धतीची असते. पिस्तूल छातीजवळ आणा, तोंड सुरक्षित दिशेला, ट्रिगरवर बोट नाही. एका हाताने स्लाइडचा मागचा भाग पूर्ण पंजाने धरा आणि दुसऱ्या हाताने फ्रेम पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलताना हाताचा जोर जास्त मिळतो. स्लाइड शेवटी सोडून द्या, हाताने पुढे नेऊ नका.

लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असेल हा समजही काढून टाका. वॉल्थर पीपीकेसारखी ब्लोबॅक पिस्तुलं फक्त स्प्रिंग आणि स्लाइडच्या वजनावर काडतूस रोखतात, म्हणून स्प्रिंग टणक असते. त्याच .३८० एसीपी काडतुसाचं पण लॉक होणाऱ्या नळीचं पिस्तूल ओढायला बरंच सोपं. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये आणलेलं शील्ड ईझेड खास याच गरजेसाठी आहे.

दारूगोळा

काडतुसाबद्दल थोडक्यात. ९×१९ मिमी घ्या. १९०२ पासूनचं काडतूस आहे, सगळीकडे बनतं, सराव परवडतो, धक्का आवाक्यात. .४० वाल्याचा धक्का जास्त तीक्ष्ण, .४५ मध्ये गोळ्या कमी. काही देशांत लष्करी मापाची काडतुसं नागरिकांना मिळत नाहीत. तिथे .३८० किंवा .३२ एसीपी, किंवा .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर, असाच विचार करावा लागतो. .२२ सरावाला उत्तम, पण त्यातलं प्रायमरचं द्रव्य पुंगळीच्या कडेत पसरवलेलं असतं, ते सगळीकडे सारखं पसरेल याची खात्री नसते, म्हणून फुसकी काडतुसं जास्त निघतात.

९ मिमी मध्ये गोळीची वजनं ११५, १२४ आणि १४७ ग्रेन, म्हणजे सुमारे ७.५, ८ आणि ९.५ ग्रॅम. सरावाला पूर्ण आवरण असलेली, घरात ठेवायला पोकळ टोकाची. पोकळ टोकाची गोळी लक्ष्यात फुलते, त्यामुळे पलीकडे निघून जाण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही. नेम चुकलेली कुठलीही पिस्तुलाची गोळी घरातल्या हलक्या भिंतीतून आरपार जाते, तेव्हा भिंतीमागे कोण झोपतं ते आधी ठरवून ठेवा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तेच काडतूस परत परत चेंबरमध्ये भरलं आणि काढलं की दर वेळी गोळीचं टोक रॅम्पवर (काडतूस चेंबरमध्ये चढवणाऱ्या उतारावर) आपटतं आणि गोळी पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. युरोपीय मानकात ९ मिमीची मर्यादा २३५ मेगापास्कल आहे, ती ओलांडायला फार सरकावं लागत नाही. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून बघा. आखूड दिसलं तर बाजूला काढा, सरावातसुद्धा वापरू नका.

पाणकळा

म्हणजे ९ मिमी पिस्तूल, मध्यम आकार, दोघांपैकी लहान हाताच्या मापाने. मग विश्वासार्ह म्हणून ज्या चार-पाच कंपन्या सांगतात त्यांतलं कुठलंही चालेल?

खडूस

नाही. कंपनीचं नाव म्हणजे चांगल्या सुरुवातीची शक्यता, बाकी काही नाही. सिग सावरच्या पी३२० ची अमेरिकेच्या लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये निवड केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात खाली पडल्यास गोळी सुटू शकते हे समोर आल्यावर, बाजारातल्या पिस्तुलांसाठी कंपनीला सुधारणा जाहीर करावी लागली. म्हणून नवं असो वा जुनं, सिरियल नंबर घेऊन परत बोलावणी किंवा सुधारणा निघालीय का ते आधी बघा.

भरवसा हा पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात या चौघांचा मिळून असतो. पिस्तूल थांबतं तेव्हा यांतलाच एक जण दोषी असतो, आणि पिस्तुलाचा नंबर बहुतेकदा शेवटी लागतो. थांबण्याचे प्रकार ओळखायला शिका, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या गुन्हेगाराकडे बोट दाखवतो.

'क्लिक' आवाज येतो, गोळी सुटत नाही. मॅगझिन पूर्ण बसलेलं नसणं हे पहिलं कारण. काडतूस चेंबरमध्ये असेल तर प्रायमरवरची खूण बघा. खोल खूण असेल तर काडतूस फुसकं. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईच्या) खोबणीत तेल आणि कचरा यांचा चिकटा झालाय किंवा स्लाइड पूर्ण पुढे गेली नव्हती. सरावाच्या जागी असाल तर आधी तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकते. स्लाइड पूर्ण मागे गेली नाही, हे नक्की. मनगट ढिलं असलं की धक्क्यातली ऊर्जा हात मागे ढकलण्यात जाते आणि स्लाइडला कमी पडते. हलक्या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलांत हे जास्त दिसतं. एकाच्या हातात चालतं आणि दुसऱ्याच्या हातात अडकतं तेव्हा आधी मनगट बघायचं. दोघांच्याही हातात अडकलं तर काडतूस कमी जोराचं किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (चेंबरमधून पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली घाण.

काडतूस नाकाने खाली घुसतं किंवा रॅम्पवर अडकतं. बहुतेकदा मॅगझिन. वरचे ओठ वाकलेत, स्प्रिंग थकली, आत वाळू. पोकळ टोकाच्या रुंद तोंडाच्या गोळ्या काही पिस्तुलांना पटत नाहीत, मग ब्रँड बदला, रॅम्पला कानस लावू नका.

दोन काडतुसं एकदम. जुनी पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून नवं काडतूस आलं. एक्स्ट्रॅक्टर किंवा मॅगझिन.

पहिल्या तीन प्रकारांत उपाय एकच: मॅगझिनला खालून जोरात थाप, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, पुन्हा नेम. दोन काडतुसं अडकली तर हा उपाय चालत नाही, उलट घट्ट होतं. स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा (पडणार नाही, ओढावंच लागतं), स्लाइड तीनदा पूर्ण ओढा, नवं मॅगझिन घाला, स्लाइड ओढा. हे सगळं नकली काडतुसांवर अंधारात जमेपर्यंत करायचं. खरी काडतुसं त्या खोलीतही नकोत.

आणि एक आवाज असा आहे की जिथे थाप मारायची नाही, स्लाइड ओढायची नाही: नेहमीपेक्षा हलका, फुसका 'फट'. दारू कमी पडली किंवा पेटली नाही, फक्त प्रायमरने गोळी नळीत ढकलली आणि ती तिथेच राहिली. पुढची गोळी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. थांबा, रिकामं करा, खोलून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. गोळी अडकलेली असेल तर जाणकाराकडे द्या.

घासपट्टी

+१. यात एक जोड: थाप मारून स्लाइड ओढायची सवय इतकी अंगात भिनते की फुसक्या आवाजानंतरही हात आपोआप तेच करतात. सरावात कुणीतरी शेजारी उभं राहून "थांब" म्हणणारं असावं.

मोजपट्टी

चाचणी कशी करायची ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कारखान्यातून आलेल्या पिस्तुलाला साठवणुकीचं तेल असतं, ते आधी पुसा, नेहमीचं तेल लावा. निदान तीन मॅगझिन घ्या, कंपनीचीच, आणि बुडाला पेंटने १, २, ३ घाला. नळी खोलून हातात घ्या, घरी ठेवायच्या काडतुसांतलं एक-एक वरून चेंबरमध्ये सोडा. ते टपकन बसलं पाहिजे आणि उलटं केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. अडलं तर ते काडतूस बाद. हे अर्थात सुरक्षित जागी, नळी पिस्तुलातून वेगळी काढूनच.

मग सरावाची निदान दोनशे काडतुसं, तिन्ही मॅगझिनमध्ये वाटून, दोन्ही माणसांच्या हातून. त्यातली काही उजव्या एका हाताने, काही डाव्या. त्यानंतर घरी ठेवायची पोकळ टोकाची पन्नास तरी, प्रत्येक मॅगझिन काठोकाठ भरून. एकही अडथळा नको. अडथळा आला तर वहीत मॅगझिनचा नंबर, काडतूस, माणूस आणि प्रकार. तोच नंबर परत आला तर मॅगझिन टाकून द्या, दुरुस्त करत बसू नका. तोच माणूस परत आला तर पकड. सगळीकडे विखुरलेलं असेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी).

१९११ सालच्या कोल्ट पिस्तुलाने चाचणीत सहा हजार गोळ्या न अडकता झाडल्या, हे सगळे सांगतात. ते खरं आहे, पण ते चाचणीतलं एक पिस्तूल होतं. तुमच्या कपाटातलं वेगळं आहे.

जुनं खोड

सेकंड हँडचा विचार असेल तर: नळीत उजेड टाकून बघा, मध्येच एखादी गडद गोल वर्तुळाकार सावली दिसली तर तिथे कधीतरी नळी फुगलेली आहे, घेऊ नका. स्लाइडच्या पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या कोपऱ्यांत बारीक तडे बघा. रिकॉइल स्प्रिंग किती गोळ्यांची आहे हे विकणारा सांगेल ते न मानता बदलूनच टाका. बहुतेक सर्व्हिस पिस्तुलांत ती तीन ते पाच हजार गोळ्यांना बदलायची असते.

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर हळूहळू मागे घ्या, हॅमर अडकायच्या आत सिलिंडर जागेवर लॉक झाला पाहिजे. सिलिंडरमधल्या काडतुसाच्या प्रत्येक घरासाठी हे करा. एकही घर मागे राहिलं तर गोळी नळीच्या कडेला घासून जाते. जुन्या सिंगल ॲक्शन (हॅमर दर वेळी हाताने मागे घ्यायच्या) रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे ट्रिगर ओढला तरच हॅमरचा मार पुढे पोचवणारी पट्टी, आहे का तेही बघा. रुगरने तो १९७३ मध्ये आणला. त्याआधीच्यांत हॅमरखाली काडतूस असताना पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून सहाच्या जागी पाचच भरायची.

कुलूपबंद

घरात मूल आहे हे मूळ प्रश्नातच येऊन गेलं आणि इतका वेळ कुणी त्यावर बोललं नाही. पिस्तुलाइतकाच विचार तिजोरीचा करा.

उशीखाली, कपाटाच्या वर, पुस्तकांमागे, म्हणजे लपवणं झालं. मुलं लपवलेलं शोधतात. "हात लावायचा नाही असं शिकवलंय" हा बंदोबस्त नव्हे. झटकन उघडणारी छोटी तिजोरी घ्या, आणि ती आतून चार बोल्टने भिंतीला किंवा जड फर्निचरला कसा, नाहीतर चोर तिजोरीसकटच नेतो. बटणांचं यांत्रिक कुलूप सगळ्यात बिनतक्रार, कारण आठवडाभर वीज नसतानाही त्याला सेल लागत नाहीत. इलेक्ट्रॉनिक असेल तर वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला सेल बदला. बोटांच्या ठशावर विसंबू नका, ओल्या किंवा मळक्या बोटांना ते नाकारतं. आणि पर्यायी किल्ली त्याच खोलीतल्या खणात ठेवली तर तिजोरी घेतलीच नाही असं समजा.

तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवा, ठरावीक काळाने वाळवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार पोलादाला गंज चढवतात.

आणि घरात कुणी खचलेलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्या काळात पिस्तूल घरात नकोच. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलेलं आहे, कारण तो क्षण टळण्याची संधी उरत नाही. कायद्याने जिथे जमा करता येतं तिथे जमा करा.

दिवाभीत

वीज नसेल तर अंधार असणार, म्हणून तिजोरीत पिस्तुलाशेजारी हातात धरायची टॉर्च हवी. पिस्तुलाला लावलेला दिवा असला तरी वेगळी टॉर्च लागतेच, कारण पिस्तुलावरच्या दिव्याने बघायचं म्हणजे ज्याला बघायचं त्याच्यावर पिस्तूल रोखायचं, आणि अंधारात फिरणारं माणूस बहुधा घरातलंच असतं. आधी उजेड, आधी ओळख.

कानांचं लिहायचं राहिलं. ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, बंद खोलीत परावर्तनाने आणखी त्रासदायक. एका गोळीनेही ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते. बोलणं ऐकू येईल पण दणका दाबला जाईल असे इलेक्ट्रॉनिक इअरमफ तिजोरीजवळ ठेवावेत.

पाणकळा

भरलेलं मॅगझिन महिनोन्‌महिने तसंच ठेवलं तर स्प्रिंग मरते ना? आणि रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी, सेलवर चालणारी साइट) लावावा का? देखभाल किती दिवसांनी?

खडूस

चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, दाबणं-सोडणं वारंवार झालं की थकते. ठासून भरायच्या छोट्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग मर्यादेपर्यंत दाबलेली असते, तिथे एक काडतूस कमी भरा. मॅगझिनमध्ये तेल घालायचं नाही, धूळ धरतं आणि काडतुसांना लागतं.

रेड डॉट: नेम सोपा होतो यात वाद नाही. पण आणीबाणीसाठी पडून राहणाऱ्या पिस्तुलावर तो लावायचा तर त्यातून दिसतील अशा उंच लोखंडी साइट हव्यातच, आणि सेल वर्षाला बदलायचा. सरावाला वेळ कमी असेल तर साध्या साइटवरच थांबा.

देखभाल म्हणाल तर सराव झाला की साफ, एरवी तीन महिन्यांनी एकदा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग पुन्हा तपासा. ग्लॉक खोलताना ट्रिगर दाबावा लागतो आणि लोकांच्या भिंतींना भोकं पडतात ती इथेच. नळी चेंबरच्या बाजूने साफ करा. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ थांबा, मग ब्रॉन्झ ब्रश, मग कापडाचे तुकडे स्वच्छ निघेपर्यंत. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली टोकदार लाकडी काडी फिरवा. तेल स्लाइडच्या चारही रुळांवर एकेक थेंब, नळीच्या वरच्या घासल्या जाणाऱ्या भागावर एक पुसट थर, आणि ग्लॉक असेल तर ट्रिगर बार कनेक्टरला भेटतो तिथे एक थेंब. बस. फायरिंग पिनच्या खोबणीत तेल नको. गंज सोडवायला वापरतात ती आत शिरणारी पातळ तेलं पिस्तुलात वापरू नका, ती काडतुसाच्या प्रायमरपर्यंत पोचून त्याला मारू शकतात. शेवटी हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, काजळीत शिसं असतं.

तिरकी रेघ

अवांतर वाटेल, पण यादीत पाणी, प्रथमोपचार, औषधं आणि रोकड यांच्यानंतरच पिस्तूल येतं. शिवाय घर सोडून निवारा केंद्रात जायची वेळ आली तर बहुतेक ठिकाणी ते आत नेऊ देत नाहीत. तेव्हा कुठे जमा करायचं, आणि रस्त्यात नेण्याचे नियम काय, हे परवान्याच्या कागदांसोबत लिहून ठेवा. पक्की, कुलूप लागणारी पेटी आत्ताच घेऊन ठेवलेली बरी.

पाणकळा

ठरलं. ग्लॉक १९ दोघांनी भाड्याच्या पिस्तुलावर मारून बघणार, लहान हाताला मूठ मोठी वाटली तर ट्रिगर जवळ असलेलं दुसरं. एकच शंका: पुरात तिजोरीत पाणी शिरलं आणि सगळं बुडालं तर?

जुनं खोड

पिस्तूल वाचतं, काडतुसं टाकायची.

पाणी नळीत असताना गोळी मारू नका, नळीला धोका असतो. रिकामं करा, खोला आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवा. पुराच्या पाण्यात गाळ असतो, समुद्राच्या पाण्यात मीठ, दोन्ही तेलाने पुसून जात नाहीत. फुंकर मारून किंवा हवेच्या पंपाने कोपऱ्यांतलं पाणी काढा, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा. पाणी हटवणारं तेल लावून पुसा, मग नेहमीचं तेल. फायरिंग पिनची खोबण, मॅगझिनचा आतला भाग आणि मुठीचे स्क्रू हे तिघे विसरले जातात आणि गंज तिथूनच सुरू होतो. मॅगझिन पूर्ण खोलून स्प्रिंग पुसा. दुसऱ्या दिवशी परत उघडून बघा, नारिंगी डाग दिसला तर तेल लावलेल्या बारीक पितळी ब्रशने काढा.

बुडालेली काडतुसं बाहेरून कोरडी दिसली तरी प्रायमरच्या सांध्यातून किंवा गोळीच्या कडेने आत ओल गेलेली असू शकते. त्यातली काही चालतील, काही चालणार नाहीत, आणि काही अर्धवट पेटून गोळी नळीत सोडतील. वाळवून वापरू नका, कचऱ्यातही टाकू नका, पोलिसांकडे किंवा शूटिंग रेंजवर द्या. हे टाळायचं असेल तर रबरी वॉशर असलेला धातूचा डबा, आत सिलिका जेल, आणि डबा जमिनीवर न ठेवता वरच्या फळीवर, अर्थात कुलपात.

पाणकळा

डबा वरच्या फळीवर, पिस्तुलाची तिजोरी वेगळी आणि भिंतीला छातीच्या उंचीवर. बोल्ट १० मिमीचे चालतील का?

कुलूपबंद

भक्कम विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत १० मिमीचे एक्स्पान्शन बोल्ट चार, चालतील. पोकळ पार्टिशन असेल तर चालणार नाहीत, आतल्या लाकडी किंवा लोखंडी उभ्या पट्टीला कसावे लागतील. भोकं पाडण्याआधी मागून वायर किंवा पाइप जात नाही ना ते बघा.

पाणकळा

विटांचीच आहे. धन्यवाद सगळ्यांना.